एका मनोऱ्याला दिशा कळते, जागा कळत नाही

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

फेब्रुवारी लागला की बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून वणव्यांच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांच्यापाठोपाठ दोन मते दर वर्षी हटकून ऐकू येतात. डोंगरमाथ्यांवर आणखी टेहळणी मनोरे उभारावेत, असे एक पक्ष म्हणतो. आगीची खबर आता उपग्रहावरून थेट मोबाईलवर येते, तेव्हा मनोऱ्यांवर पैसा घालवूच नये, असे दुसरा पक्ष म्हणतो. वणवा टिपणारा मनोरा मुळात कशासाठी उभा राहिला, त्यावर बसणारा माणूस नेमके काय करीत असे आणि पुढे ते मनोरे ओस का पडले, याची चौकशी मात्र दोघांकडूनही होताना दिसत नाही. भूगोल शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे नकाशा पुढे ओढल्याशिवाय मला बोलता येत नाही आणि पत्र लांबते, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या सीमाभागात मनोरा वाया जातो तो त्याला जोडीदार नसल्यामुळे, आणि तो जोडीदार जिथे हवा ती जागा बहुतेक वेळा दुसऱ्या राज्याच्या हद्दीत येते.

या मनोऱ्यांचा इतिहास सर्वांत तपशिलाने नोंदला गेला आहे तो अमेरिकेत. तिथल्या आयडाहो राज्यात बर्था हिल नावाची टेकडी आहे. १९०२ मध्ये लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाक करणारी मेबल ग्रे ही बाई दुपारचे काम आटोपल्यावर या टेकडीवर जाई, झाडाला लावलेल्या शिडीने वर चढे आणि कुठे धूर दिसतो का ते पाहत बसे. पश्चिम अमेरिकेतील पहिल्या टेहळणी ठाण्यांमध्ये या झाडाची गणना होते. पण सरकारने हा उद्योग मनावर घेतला तो १९१० नंतर. त्या वर्षीच्या २० आणि २१ ऑगस्टला आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन या राज्यांत वाऱ्याच्या जोरावर अनेक वणवे एकमेकांना मिळाले आणि सुमारे ३० लाख एकर रान जळाले. ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली होती. अमेरिकेची वनसेवा १९०५ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे अवघी पाच वर्षांची. या आपत्तीतून तिने एकच धडा घेतला, तो म्हणजे आग लहान असतानाच दिसली पाहिजे. पुढच्या तीन दशकांत शिखराशिखरावर ठाणी झाली. १९३३ ते १९४२ या काळात बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी काढलेल्या सरकारी योजनेतून तर मनोरे, त्यांच्याकडे जाणाऱ्या पायवाटा आणि दूरध्वनीच्या तारा हजारोंच्या मजुरीवर उभ्या राहिल्या.

इथवरचा इतिहास बांधकामाचा झाला. पण नुसते उंचावर बसून धूर पाहिल्याने काय कळते, हे कोणत्याही गुराख्याला विचारावे. धूर दिसतो, तो कोणत्या अंगाला आहे तेही सांगता येते. तो अलीकडच्या दरीतून निघतो आहे की पलीकडच्या, हे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. डोंगरांच्या एकामागे एक रांगा असतील तर दहा किलोमीटरवरचा आणि पंधरा किलोमीटरवरचा धूर डोळ्याला एकाच जागी दिसतो. एका मनोऱ्याला फक्त दिशा कळते. जागा कळायची असेल तर तोच धूर दुसऱ्या एखाद्या ठिकाणाहून दुसऱ्या कोणाला तरी दिसला पाहिजे, म्हणजे दोन दिशांच्या रेषा नकाशावर जिथे छेदतात तिथे आग आहे, असे ठरवता येते.

यासाठी अमेरिकन वनसेवेतील विल्यम ऑसबर्न या कर्मचाऱ्याने १९११ च्या सुमारास एक उपकरण तयार केले आणि किरकोळ सुधारणांसह ते आजही काही ठाण्यांवर वापरात आहे. खोलीच्या मधोमध कमरेएवढ्या उंचीचा चौरंग असतो. त्यावर गोल नकाशा बसवलेला असतो आणि नकाशाच्या केंद्रबिंदूवर त्या मनोऱ्याचीच जागा येते. नकाशाभोवती अंशांच्या खुणा कोरलेले धातूचे कडे फिरते. कड्याच्या एका बाजूला बारीक फट असलेली उभी पट्टी आणि समोरच्या बाजूला चौकटीत ताणून बसवलेला घोड्याचा केस. फटीला डोळा लावायचा, धुराच्या बुडाशी तो केस येईपर्यंत कडे फिरवायचे आणि अंश वाचून दूरध्वनीवर कळवायचे. धुराच्या बुडाशी असे मुद्दाम म्हटले, कारण वारा असेल तर धुराचा शेंडा पार दुसऱ्याच दरीवर गेलेला असतो आणि नवखा माणूस हमखास शेंड्यावर नेम धरतो. शाळेत ज्यांनी प्लेन टेबलाचे प्रात्यक्षिक केले असेल त्यांना यात नवे काही वाटणार नाही; तत्त्व तेच आहे. कचेरीत मोठा नकाशा भिंतीला लावलेला असे, त्यावर प्रत्येक मनोऱ्याच्या जागी दोरा अडकवलेला असे आणि आलेल्या अंशांप्रमाणे दोन दोरे ताणले की त्यांच्या छेदाकडे माणसे रवाना होत.

यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. अंश वाचण्यात एका अंशाची चूक झाली, तर दहा किलोमीटरवर ती चूक सुमारे १७५ मीटरची होते. पण हे फक्त एका रेषेपुरते. दोन रेषा एकमेकींना काटकोनाच्या जवळपास छेदत असतील तर चूक एवढ्यावरच थांबते. दोन्ही मनोरे आगीच्या एकाच अंगाला असतील तर रेषा तिरप्या, जवळजवळ एकमेकींवर पडल्यासारख्या छेदतात, छेदबिंदू लांबलचक होतो आणि तीच एका अंशाची चूक एक-दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणून दुसऱ्या मनोऱ्याची जागा पहिल्याच्या मागेपुढे निवडून चालत नाही, ती त्याच्या बगलेला लागते.

आता आपला नकाशा पाहावा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यातील रानाच्या पश्चिमेला गोव्याचा सत्तरी तालुका आहे आणि उत्तरेला महाराष्ट्रातील चंदगड व दोडामार्ग. जांबोटीच्या बाजूच्या एखाद्या माथ्यावरून कणकुंबीकडचा धूर पाहिला तर नजर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. या रेषेला काटकोनात छेदणारी दुसरी रेषा हवी असेल तर ती उत्तरेकडून दक्षिणेकडे आली पाहिजे, म्हणजे दुसरा टेहळ्या चंदगड तालुक्याच्या दक्षिण कड्यावर बसला पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात, पहिल्या मनोऱ्याच्या पाठीमागे बांधलेला दुसरा मनोरा दिसायला कितीही देखणा असला तरी या कामाला उपयोगी नाही. गोव्याच्या बाजूची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथला मनोरा आपल्या मनोऱ्याच्या समोरासमोर येतो, त्यामुळे रेषा छेदण्याऐवजी एकाच ओळीत पडतात. पण सह्याद्रीच्या कण्यावरून पश्चिमेचा तुटलेला उतार आपल्याला दिसतच नाही आणि तो त्यांना दिसतो. दुपारी समुद्राकडचा वारा चढणीला लागतो, आगीची धग वरच्या गवताला आधीच सुकवून ठेवते आणि पायथ्याशी लागलेली आग उतारावरून झपाट्याने माथ्याकडे येते. आपल्याला ती दिसते तेव्हा ती माथ्यावर पोहोचलेली असते. १९३० च्या दशकात अमेरिकेत मनोऱ्यांवरून चहूबाजूंची छायाचित्रे घेऊन कोणत्या मनोऱ्यावरून कोणती दरी दिसत नाही, याचे नकाशे तयार केले गेले आणि नवे मनोरे त्या आंधळ्या दऱ्या पाहून ठरवले गेले. आपल्याकडे मनोऱ्याची जागा ठरवताना गाडी कुठवर जाते हे पाहिले जाते की काय, अशी शंका येते.

ही रचना भूगोलाने अवघड केलेली नाही, हद्दींनी केली आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याला अलेक्झांडर गिब्सन यांच्या रूपाने १८४७ मध्ये पहिला वनसंरक्षक मिळाला तेव्हा बेळगाव जिल्हा याच इलाख्यात होता, आणि १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून निघालेला उत्तर कानडाही इकडे आला. चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्याचाच भाग होता. म्हणजे मी ज्या दोन माथ्यांविषयी लिहितो आहे ते माझ्या वडिलांच्या पिढीला एकाच जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी खानापूर एका राज्यात आणि चंदगड दुसऱ्या राज्यात गेले. गोव्यात डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते, त्यामुळे त्या बाजूशी वनरक्षणाचा ताळमेळ बसण्याचा प्रश्नच नव्हता. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. माझी मते त्याविषयी काय आहेत हे या सदराच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण वणव्याच्या बाबतीत निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, त्याला लागून गोव्याचे म्हादई अभयारण्य १९९९ पासून आहे आणि तिलारीचे संवर्धन राखीव क्षेत्र २०२० मध्ये झाले. रान सलग आहे; त्याची देखरेख मात्र तीन खात्यांत, तीन वायरलेस यंत्रणांत आणि तीन भाषांतल्या नोंदवह्यांत वाटलेली आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले तेव्हा नौदलाच्या आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून बादल्यांनी पाणी ओतण्याची वेळ आली होती. कर्नाटकाच्या बाजूने ते डोंगर चोर्ल्याच्या वाटेवरून कोणालाही दिसतात.

हा विषय नुसत्या उपकरणाचा नाही, तर त्यामागे बसणाऱ्या माणसाचाही आहे. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियातील क्लॅमथ पीकवरच्या एडी गल्च ठाण्यावर हॅली डॅगेट या तरुणीची नेमणूक झाली. अमेरिकन वनसेवेत अशा कामावर नेमली गेलेली ती पहिली स्त्री. बाई एकटी डोंगरावर राहील का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. पण ती त्याच डोंगरांत वाढलेली होती, तिला बंदूक चालवता येत होती आणि कोणती वाट कुठे फुटते हे तिला पाठ होते. पहिल्याच हंगामात तिने चाळीसएक आगी कळवल्या आणि त्या सगळ्यांत मिळून पाच एकरांपेक्षा कमी रान जळाले, अशी नोंद आहे. पुढे चौदाएक हंगाम ती त्याच ठाण्यावर राहिली. तिच्या यशाचे श्रेय मी मनोऱ्याच्या उंचीला देणार नाही. रोजचा धूर कोणता आणि आगंतुक कोणता, हे तिला ओळखता येत होते. लाकूड गिरणीचा धूर, आगगाडीचा धूर, पाऊस पडून गेल्यावर दरीतून उठणाऱ्या वाफेच्या वळ्या, हे सगळे लांबून आगीसारखेच दिसते आणि टेहळ्याचे निम्मे शिक्षण म्हणजे यांतले काय सोडून द्यायचे ते शिकणे.

आपल्याकडे तर सोडून देण्याजोगे धूर अधिकच. बेळगाव जिल्ह्यात उसाचा पाला पेटवलेला असतो, गुऱ्हाळे चालू असतात, वीटभट्ट्या धुमसत असतात. डोंगराकडेला काजूच्या बागांत पाचोळा गोळा करून जाळतात आणि पावसाळ्यापूर्वी तरव्याची जागा भाजतात. यांतल्या प्रत्येक धुराची वेळ, रंग आणि जागा ठरलेली असते. कोणाची बाग कुठे आहे आणि तो पाचोळा सकाळी जाळतो की संध्याकाळी, हे गावातल्या माणसाला ठाऊक असते. म्हणून बाहेरगावचा कंत्राटी माणूस मनोऱ्यावर बसवणे म्हणजे रोज खोटी आवई उठवण्याची सोय करणे आहे, आणि दोनतीनदा खोटी आवई उठली की चौथ्यांदा खरी आग लागली तरी कोणी हलत नाही.

दुसऱ्या महायुद्धातला एक प्रसंग मुद्दाम सांगतो. त्या काळात हे मनोरे शत्रूच्या विमानांवर नजर ठेवण्यासाठीही वापरले जात होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीवरून उडालेल्या एका लहान विमानाने ओरेगॉन राज्यातील ब्रुकिंग्ज गावाजवळच्या जंगलात आग लावणारे बॉम्ब टाकले. रान पेटवून द्यावे हा हेतू होता. माउंट एमिली ठाण्यावरच्या हॉवर्ड गार्डनर या टेहळ्याने विमान पाहिले आणि काही वेळाने धूरही पाहिला. तो खाली उतरून धुराच्या दिशेने निघाला, दुसऱ्या ठाण्यावरचा कीथ जॉन्सन दुसऱ्या बाजूने निघाला, आणि पावसाने ओले झालेल्या त्या रानात लागलेली आग पसरण्याआधीच आटोक्यात आली. लष्कराच्या इतिहासात हा प्रसंग विमानासाठी नोंदला गेला आहे. मला त्यात रस आहे तो दोन ठाण्यांवरची दोन माणसे एकाच जागी पोहोचली यासाठी.

मनोरा किती उंच हवा, याविषयीही आपल्याकडे उगाच गैरसमज आहे. ओरेगॉनमधील माउंट हुड या ११,२३९ फूट उंचीच्या शिखरावर १९१५ मध्ये टेहळणीची खोली बांधली गेली, पण पुढे दोनएक दशकांतच तिचा नाद सोडावा लागला. फार उंच गेले की ढग पायाखाली येतात आणि खालचे रानच झाकले जाते. याच्या उलट ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उंचवटेच नाहीत, म्हणून १९४७ मध्ये पेंबर्टन गावाजवळच्या एका प्रचंड कॅरी वृक्षाला खुंट्या ठोकून सुमारे ५८ मीटरवर खोली बांधली. ग्लॉस्टर ट्री या नावाने तो वृक्ष प्रसिद्ध आहे. उंची हवी ती झाडांच्या शेंड्यांवर डोके काढण्यापुरती. आपल्या डोंगरांवर जिथे उघडे सडे आहेत तिथे लोखंडी मनोऱ्याची गरजच नाही, चार बाजूंनी उघडी आणि वर कौले असलेली खोली पुरे. मोठा खर्च वाचतो आणि विजेचे भयही कमी होते. अमेरिकेत वादळात टेहळे काचेचे पाय बसवलेल्या लाकडी स्टुलावर उभे राहत, ते याच भयापोटी.

विमाने आली, रस्ते झाले, वायरलेस संच हलके झाले आणि १९५० नंतर अमेरिकेतले बहुतेक मनोरे रिकामे झाले. १९९० मध्ये तिथल्या हौशी लोकांनी एक संघटना काढून उरलेल्यांची नोंद आणि डागडुजी सुरू केली. काही मनोरे आता पर्यटकांना रात्रीच्या मुक्कामाला भाड्याने मिळतात. हल्ली कॅलिफोर्नियात शिखरांवर कॅमेरे बसवून त्यांतून धूर शोधला जातो. पण हे सर्व ज्यांना दूरध्वनीवर अंश सांगणाऱ्या माणसाची तीन पिढ्यांची सवय होती त्यांनी केले, हे विसरू नये.

उपग्रहाविषयी माझी तक्रार नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या आधारे वणव्यांची माहिती राज्यांना देते आणि ती यंत्रणा मोलाची आहे. पण तिच्या मर्यादा तिनेच लपवलेल्या नाहीत. ज्या संवेदकावर आज मुख्य भिस्त आहे त्याचा एक ठिपका जमिनीवर ३७५ मीटरचा असतो, आणि तो उपग्रह आपल्या डोक्यावरून साधारणपणे दुपारी दीड व रात्री दीडच्या सुमारास जातो. तीन वाजता कोणी पेटती विडी गवतात टाकली तर तिची खबर रात्री उपग्रहाला लागणार, मग ती डेहराडूनमार्गे आपल्या वनरक्षकाच्या मोबाईलवर येणार, आणि कणकुंबीच्या पुढे मोबाईलला रेंज किती ठिकाणी असते हे तिकडून ये-जा करणाऱ्यांनी सांगावे. शिवाय दाट झाडीखाली सरपटणारी पाचोळ्याची आग वरून पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटू शकते. म्हणूनच उपग्रह असताना मनोरा कशाला, हा प्रश्न मला पटत नाही. रात्रीची पाळी उपग्रहाने करावी आणि दिवसाची माणसाने.

मात्र अमेरिकेची नक्कल करू नये, याचीही कारणे आहेत. तिकडच्या पश्चिम भागात विजेमुळे लागणाऱ्या आगी पुष्कळ, म्हणून त्यांनी शिखरे धरली. आपल्याकडे वणवे बहुतांशी माणसांच्या हातून लागतात आणि जमिनीलगत पसरतात. वळिवाची वीज पडते तेव्हा सोबत पाऊसही असतो. म्हणजे आपल्या टेहळ्याची नजर शिखरांपेक्षा पायवाटांवर, रस्त्याच्या कडांवर, गवताच्या माळांवर आणि ट्रेकिंगच्या वाटांवर हवी. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहकांचा जीव गेला, त्यानंतर तरी कड्यावर कोण गेले आहे याची नोंद टेहळ्याकडे असायला हवी होती.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. आग दिसली की विझवलीच पाहिजे, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवलीच पाहिजे, असा दंडक अमेरिकन वनसेवेने १९३५ मध्ये घातला आणि त्यातून रानात वाळलेले सरपण साठत गेले. १९८८ मध्ये यलोस्टोन उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आगीच्या घेऱ्यात आला, तेव्हा या धोरणावरची टीका घरोघरी पोहोचली. आपल्याकडेही इंग्रजांनी आग आणि रानकरी यांना एकाच पंक्तीत बसवले. आमच्या डोंगरातील कुमरीच्या, म्हणजे रान तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून निर्बंध आले, पुढे १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवला, आणि ज्यांना आग कशी अडवायची हे येत होते ती कुणबी व गवळी माणसे खात्याच्या लेखी संशयित झाली. कुमरी परत आणा, असे मी म्हणत नाही. पण बिळीगिरीरंगन डोंगरातील सोलिग लोक पाचोळा वेळीच जाळण्याची आपली जुनी रीत बंद झाल्यावर घाणेरी माजली असे सांगतात, त्याकडे कर्नाटकातल्या अभ्यासकांनी लक्ष दिले आहे. आपल्या गवळीवाड्यांतल्या म्हाताऱ्यांनाही कोणीतरी हे विचारावे. जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, कुठे काढायची हे ठरवताना त्यांचे ऐकले तर ती वाऱ्याच्या तोंडावर निघेल, नकाशावर सरळ दिसावी म्हणून निघणार नाही.

मागच्या फाल्गुनात आमच्या बाजूच्या एका मनोऱ्यावर मी चढलो होतो. जागेचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या राखणदाराचा यात काही दोष नाही. वर पत्र्याचे छप्पर होते आणि दुपारी त्याखाली उभे राहवत नव्हते, म्हणून तो बिचारा खाली ऐनाच्या सावलीत बसला होता. कठड्यावर खिळ्याने कोरलेली नावे होती, कोपऱ्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या. दुर्बीण नव्हती, नकाशा नव्हता, दिशा दाखवणारी साधी खूणही कुठे नव्हती. धूर दिसला तर काय करता, असे विचारले तेव्हा त्याने सांगितले की मिस्ड कॉल देतो, आणि त्यासाठीही रेंज असलेल्या वळणापर्यंत चालत जावे लागते. त्याला मात्र समोरचा प्रत्येक डोंगर नावाने ठाऊक होता, आणि लांबवर उठलेला एक पांढुरका धूर पाहून, ती अमक्याची काजूची बाग, तासाभरात विझेल, असे त्याने न विचारता सांगितले. तासाभराने तो धूर खरोखरच विझला.

एवढ्या माणसाच्या हाताशी काय दिले तर भागेल? भारतीय सर्वेक्षण विभागाचा एकास पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा, ज्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर; तो चिकटवण्यासाठी प्लायवूडची गोल तबकडी; कडेने अंशांच्या खुणा; एक पितळी पट्टी, तिच्या एका टोकाला फट आणि दुसऱ्या टोकाला ताणलेली तार. कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत हे सामान तयार होईल आणि आमच्यासारखे निवृत्त शिक्षक ते आनंदाने जुळवून देतील. तबकडी एकदा समोरच्या ओळखीच्या शिखरावर नेम धरून पक्की बसवली की होकायंत्राचीही गरज उरत नाही. छप्पर पत्र्याऐवजी कौलांचे किंवा गवताचे असावे. वायरलेस संच हवा, आणि तो चंदगडच्या व सत्तरीच्या संचांशी बोलणारा हवा. निदान वणव्याच्या चार महिन्यांसाठी तिन्ही खात्यांनी एक समान वाहिनी ठरवून घेतली तर त्यासाठी कोणत्याही आयोगाच्या अहवालाची गरज पडणार नाही. अंश हे आकडे आहेत, ते कन्नडमध्ये सांगा, मराठीत सांगा की कोकणीत, दोरा त्याच जागी ताणला जातो. वणव्याविषयीचे सूचनाफलक मात्र या पट्ट्यातल्या गावांना वाचता येतील अशा मराठीतही असावेत, ही मागणी जुनी आहे आणि ती इथे पुन्हा करतो. राखणदार त्याच गावचा असावा आणि त्याची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हातात पडावी.

बेळगावच्या वनविभागाने चंदगड आणि सत्तरी येथील आपल्या समपदस्थांबरोबर नोव्हेंबरात, म्हणजे जाळरेषा काढण्याचे काम सुरू होण्याआधी, एक दिवस नकाशा मध्ये ठेवून बसावे, कोणत्या माथ्यावरून कोणती दरी दिसत नाही ते तिघांनी मिळून रंगवावे आणि जोडीच्या जागा ठरवाव्यात. जांबोटीच्या बाजूला एक आणि चंदगडच्या दक्षिण कड्यावर एक अशी एकच जोडी पहिल्या वर्षी चालवून पाहिली, तरी मे अखेरीस दोन्हींकडच्या नोंदवह्या शेजारी ठेवून कोणत्या धुराचे अंश जुळले आणि कोणत्याचे नाहीत हे तपासता येईल. त्या तपासणीसाठी नकाशावर दोरे ताणायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव